दोघांचे गेम

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, म्हणून नवी वही. ताईला फोन करून कळवलं की पोचलो. ती म्हणाली, खटपट्या, या वेळी तरी महिना टिक. मला या नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच उरली आहे. लहानपणी घरातलं प्रत्येक घड्याळ मी उघडून ठेवलं होतं आणि एकही परत बंद करता आलं नव्हतं, त्याची ही शिक्षा.

घर गल्लीच्या शेवटाला आहे, तीन मजली आणि अरुंद. समोर एक बंद गोदाम. घरमालकीण साठीच्या पुढची आहे, गुडघे धरून चालते. पहिल्याच मिनिटाला म्हणाली, मला मावशी म्हण, बाई म्हटलं की शाळेत गेल्यासारखं वाटतं. मला ती आवडली.

काम ऐकून हसू आलं होतं, पण पगार ऐकून ते आवरलं. मावशीचा मुलगा, बाबू, एकतीस वर्षांचा. सहा वर्षांपासून तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून बाहेर पडत नाही. माणसं नको वाटतात, दिवसभर गेम खेळतो. त्याच्या जुन्या गेमचं कपाट भरलेलं होतं, त्या सगळ्यांच्या प्रती खालच्या कॉम्प्युटरमध्ये काढून ठेवल्या आहेत. गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, आतून बदलून घेतलेला आहे, त्यामुळे त्या प्रती त्यावर चालतात. मी त्या वायफायने वर पाठवायच्या, बस. मावशी म्हणाली, मला त्या यंत्रातलं काही म्हणजे काही कळत नाही बाबा.

माझी खोली तळमजल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीला लागून. खिडकीतून ऊन येतं. गादी चांगली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला दिवस पार पडला. कॉम्प्युटरच्या पडद्याला कागदाची पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर कन्सोलचा पत्ता, चार आकडे आणि मधे टिंबं. तो टाकला की बाबूच्या कन्सोलचं मेमरी कार्ड माझ्यासमोर कपाटासारखं उघडतं. इकडचा गेम उचलायचा, तिकडच्या कप्प्यात सोडायचा. हिरवी पट्टी सरकत राहते, आपण चहा पीत बसायचं. मोठा गेम कार्डाला एका घासात गिळवत नाही, तुकडे करून द्यावा लागतो. दोन दोन तास जातात. मध्ये कन्सोल झोपला तर सगळं पहिल्यापासून. पण बाबूचा कन्सोल झोपत नाही.

कुठला गेम हवा ते तो सांगतो कसं, तर त्याच कार्डावर ‘पुढचं’ नावाची एक फाईल आहे. ती उघडली की एक ओळ दिसते. आज होती: गाड्यांचा पाठव, जुना, निळ्या कव्हरचा. पाठवला. अर्ध्या तासाने ओळ बदलली: छान. आधीचा फार चुका करायचा.

आधीचा म्हणजे माझ्या आधी कामाला असलेला. मावशीला विचारलं तर म्हणाली, चांगला होता, पण त्याचं मन रमेना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाहेरच्या लोखंडी दाराला आतून कुलूप असतं. किल्ली मावशीच्या कमरेला. चोऱ्या होतात म्हणाली. साबण आणायला जायचं होतं, तर तिने स्वतःच आणून दिला, तोही माझ्याच कंपनीचा. इतकी काळजी ताईनेही कधी केली नाही.

कन्सोलच्या कार्डावर फोटोंचा कप्पा असतो. खेळताना बटण दाबलं की पडद्याचं चित्र त्यात साठतं. दुसऱ्याच्या कपाटात डोकावू नये, पण मी खटपट्या. पाहिलं. एक ठोकळे रचून घरं बांधायचा गेम आहे, त्यात बाबूने हेच घर बांधलं आहे. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, बरोबर आहेत. कॉम्प्युटरच्या खोलीत टेबल आहे आणि टेबलाशी पिवळ्या शर्टातला एक माणूस. कसब आहे पोराच्या बोटांत.

आज माझा शर्ट पिवळा आहे, ते नंतर लक्षात आलं. कदाचित खिडकीतून पाहिलं असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक विचित्र गोष्ट पाहिली. मावशी दुपारी बाबूचं ताट घेऊन वर जाते आणि रिकामं ताट घेऊन खाली येते. आज वायफायचा डबा सारखा बंद पडत होता. तो दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून वर गेलो. मावशी वरच्या जिन्यात बंद दाराशी बसली होती. ताट मांडीवर होतं आणि ती स्वतःच जेवत होती. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मग पदराने ताट पुसलं.

मी आवाज न करता खाली आलो. घरात खायची टंचाई नाही. मग मुलाच्या वाटचं ती का खाते? आणि तो काय खातो?

फाईलमध्ये ओळ होती: एकट्याचे गेम झाले सगळे. आता दोघांचे पाठव.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस फक्त दोघांनी खेळायचे गेम मागतो आहे. दोघांची कुस्ती, दोघांची नाव, दोघांनी मिळून भिंत चढायची. मी पाठवतो, दुसरं करणार काय?

आज प्रत्येक गेमच्या खेळाडूंची यादी उघडून पाहिली. पहिल्या जागी बाबू, आणि दुसऱ्या जागी वेगवेगळी सहा टोपणनावं. प्रत्येक नाव काही दिवस चालतं आणि थांबतं, मग पुढचं सुरू होतं. शेवटचं नाव ऑक्टोबरच्या अखेरीला थांबलं.

त्याखाली सातवं नाव आहे. खटपट्या. तयार केल्याची तारीख ३ नोव्हेंबर.

हे नाव मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही. ताईशी बोललो तेव्हा मी रस्त्यावर होतो. इथे आल्यापासून ते फक्त या वहीत लिहिलं आहे. वही रात्री उशाखाली असते.

मावशीला म्हटलं, ताईकडे दोन दिवस जाऊन येतो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, जाशील रे, घाई काय आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फोन सापडत नाही. टेबलावर चार्जिंगला लावला होता, वायर तशीच आहे. मावशीने माझ्याबरोबर सगळं घर शोधलं, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं, गुडघे दुखत असताना.

किल्ली मागितली. तिने ऐकलंच नाही असं केलं. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा चहा गार होतोय म्हणाली.

खिडकीच्या गजातून ओरडलो. लाज वाटली, पण ओरडलो. एक सायकलवाला थांबला. मावशी दाराच्या जाळीपाशी जाऊन त्याच्याशी शांतपणे बोलली, की भाचा आहे, डोक्यावर परिणाम झालाय, आम्ही सांभाळतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, दयेने. गेला.

मी तिला ढकलून किल्ली घेऊ शकलो असतो. साठीची बाई. तसा विचार करून स्वयंपाकघरापर्यंत गेलोही. ती भांडी घासत होती, मान न वळवता म्हणाली, आधीच्याने ढकललं होतं मला, तेव्हापासून किल्ली घरात ठेवतच नाही. कमरेला जी आहे ती कपाटाची.

मग ती साबण आणायला गेली तेव्हा कशी गेली? विचारलं. तिने पुढचं भांडं घासायला घेतलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फाईलमध्ये मीच लिहिलं. कार्डावर वाचता येतं तसं लिहिताही येतं. लिहिलं: बाबू, तुझी आई मला बाहेर सोडत नाही. तुलाही कोंडलंय का?

पाच मिनिटांनी उत्तर: हो.

लिहिलं: बाहेर पडायला वाट आहे?

उत्तर: माझ्या खोलीतून गच्चीचं दार आहे. मला एकट्याला उघडत नाही. वर ये. दोघं मिळून ओढू.

पुष्कळ वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. ताट आठवत होतं. पण जिथे कुणी नाही तिथून उत्तर येणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. दुसरा रस्ताही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

जातो आहे. वही आणि पेन्सिल खिशात. बाबूच्या दाराची किल्ली दाराशेजारीच खिळ्याला लटकते, हे आत्ताच पाहून आलो. इतकं सोपं असायला नको होतं.

१५ नोव्हेंबर, दुपार असावी

गच्चीचं दार नाही.

खिडकी होती, तिथे विटा आहेत. टीव्ही, कन्सोल, दोन गाद्या, दोन कंट्रोलर. खोलीत कुणी नाही. मी शिरलो आणि मागे दार लागलं. मावशी इतक्या जलद जिना चढेल असं वाटलं नव्हतं. किल्ली फिरली. मी दार बडवलं, शिव्या दिल्या, मग पाया पडतो म्हटलं.

ती दारापलीकडून बोलली. आवाजात रडणं होतं, पण सुखाचं.

म्हणाली, “भांडू नका हं. दोघं मिळून खेळा.”

डावीकडची गादी मधोमध दबलेली आहे. कुणी बसलं की दबते तशी.

१६ नोव्हेंबर, रविवार

दाराखाली बोटभर फट आहे. तिच्यातल्या उजेडावरून दिवस ओळखतो. दाराला खांदा लावला, आता हात वर जात नाही.

पडद्यावर ठोकळ्यांचं घर उघडं आहे. पहिला खेळाडू चालतो आहे. डावीकडचा कंट्रोलर गादीवर पडलेला आहे, त्याची बटणं खाली जातात, वर येतात. मी तो उचलला. गरम होता. टाकून दिला आणि उजवीकडचा धरला.

पडद्यावरचा पहिला खेळाडू मला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. म्हणजे माझ्या माणसाला. ही खोली. विटांची खिडकी. त्याने तिथली एक वीट काढली.

आत सहा जण उभे आहेत. एकमेकांना चिकटून. शर्टांचे रंग वेगवेगळे.

पडद्याकडून मान वळवून खऱ्या विटांकडे पाहायला मला खूप वेळ लागला. खालचा गिलावा जुना आहे. वरच्या कोपऱ्यातला ओला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नियम समजला. मी खेळत राहिलो की तो काही करत नाही. कंट्रोलर ठेवला की तो ठोकळ्यांच्या घरात जातो आणि या खोलीच्या दाराशी वीट ठेवतो. एक. मग दुसरी.

काल झोप लागली. जागा झालो तेव्हा त्या दाराशी विटांची खालची ओळ पूर्ण झाली होती. आणि इथे दाराखालची फट अर्धी राहिली होती. बोट घालून पाहिलं. खरखरीत लागतं.

वीट फोडायचा प्रयत्न केला, गेममध्ये. माझ्या माणसाला फोडता येत नाही. फक्त त्याला.

पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी आली. नवा गेम येतो आहे. बारा टक्के, तेरा. खाली कुणीतरी पाठवतं आहे. तुकडे करून, न चुकता.

मावशीला सगळं येतं. पहिल्यापासून येत होतं.

दुपार

ती जिन्यात येऊन बसली. ताटाचा आवाज आला. मी म्हटलं, मावशी, भूक लागली आहे. ती जेवत राहिली. घास चावल्याचा आवाज. मग म्हणाली, तो तिथे एकटा होता रे, पहिली दोन वर्षं. मी दाराबाहेर बसून ऐकायची. आत गेले तेव्हा त्याला जाऊन दोन दिवस झाले होते. पण बटणं वाजत होती. आई आहे मी, बंद कसं करू?

मी म्हटलं, मावशी, मलाही ताई आहे.

तिने शेवटचा घास चावला. मग ताट पुसल्याचा आवाज. पायऱ्या उतरली.

१८, मंगळवार

खेळतो आहे. नाव वल्हवायचा गेम. दोघांनी बरोबर वल्हवलं तरच सरळ जाते. तो चांगला खेळतो. मी चुकलो तर थांबतो माझ्यासाठी. चिडत नाही.

अंगठे सुजले. एका हाताने लिहितो, दुसऱ्याने

ताई शोधत असेल. पत्ता दिलाच नव्हता तिला. गल्लीचं नाव विचारलं होतं तिने. नंतर सांगतो म्हटलं.

शेजारी श्वास आहे. माझ्याच लयीत. मी रोखला की तोही

१९ — बुधवार बहुतेक

माझ्या कंट्रोलरची बॅटरी लाल. वायर नाही इथे. सगळीकडे हात फिरवून पाहिला. त्याच्या कंट्रोलरला लागत नाही वायर.

त्याला सांगितलं. तोंडाने. बाबू, बॅटरी संपतेय, थांब, मी खेळतोय, बंद झालं तर माझा दोष नाही.

नाव थांबली. तो ऐकतो आहे.

पडद्यावर अक्षरं — तू छान खेळलास. बाकीच्यांपेक्षा

विझला. माझ्या हातातला

तो घराकडे गेला. चालत. घाई नाही त्याला. जिना. दुसरा मजला. तिसरा

विटा. दुसरी ओळ. कडी झाकली. उजेडाची रेघ होती ती आता नखाएवढी — लिहिता येतंय तोवर — ताई, घर गल्लीच्या टोकाला आहे, समोर गोदाम, तीन मज