चाळीच्या वाटेवरची पडवी

तळेगाव दाभाडे, ता. ६ फेब्रुवारी १९३३

धाकट्या बहिणीस, चि. उम्मेहानीस, नूरमहंमदचा सलाम व दुवा.

तळेगावचे व वडगावचे अशी आपली दोन्ही किराणा दुकाने बरी चालतात. तिसरे लोणावळ्यात घालून तुझ्या हाती द्यावे म्हणतो. कौले शाकारताना पडून पाय अधू झाल्याने नसीरची रेल्वेतली नोकरी गेली. तुमच्या घरी मिळकत हवी. स्टेशनासमोर गाळा पाहिला आहे. गाडीची सारी माणसे तिथूनच जातात. लवकर कळव, मालक थांबणार नाही. तुझी वहिनी म्हणते, साखर तोलताना निम्मी तोंडात टाकू नकोस.

आहे तशी माया राहू दे.

लोणावळे, ता. ११ फेब्रुवारी

भाईंना उम्मेहानीचा सलाम.

गाळा पाहून आले. गाडीतून उतरलेले पाहुणे टांग्यात बसतात ते थेट बंगल्यावर. मीठमिरची कोणी घेत नाही, आणि पावसाळ्यात तेही नसतात. रेल्वेच्या चाळींकडे चढणाऱ्या वाटेवर एक पडवी रिकामी आहे. बाजारातून परतताना बायका तिथे ओझे टेकवून दम खातात. तेल-मीठ तिथेच मिळाले, तर त्या खाली कशाला उतरतील? वहिनींना सांगा, साखर ठेवणारच नाही, गूळ ठेवीन.

सर्वांना माझी आठवण द्यावी.

तळेगाव, ता. १५ फेब्रुवारी

चि. उम्मेहानीस दुवा.

पडवी तुझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे मात्र लिहिले नाहीस. नसीर घराबाहेर पडत नाही, त्याला तिथे बसवायचे आहे ना? भावाजवळ आडपडदा कसला? पण तो बसलाच नाही तर एकटीने घर-दुकान ओढशील का, ही मला काळजी. तरी बायकांबद्दलचे तुझे म्हणणे पटले. गाळा नको म्हणून कळवले. माल धाडतो. पावसाळ्यापर्यंत चालले नाही, तर बंद करू.

प्रकृतीस जप.

लोणावळे, ता. २० मार्च

भाईंना सलाम.

तुम्ही ओळखलेत ते खरेच. दुकान उघडले तरी हे घरातच बसून होते. जुने सोबती काठी पाहतील, म्हणत. मीही आग्रह सोडला होता. परवा मला ताप भरला, म्हणून दुकान बंद ठेवले. तर चाळीतल्या धोंडाबाई तेलाची बाटली घेऊन घरीच आल्या. म्हणाल्या, पोरं भुकेली हायेत, आता बाजारात कुटं जाऊ? हे उठले. काठी घेतली आणि त्यांच्या मागून गेले.

दुपार टळली तरी परतले नाहीत. मी उठून बोलवायला गेले. पडवीत बायका उभ्या होत्या, कट्ट्यावर यांचे दोन सोबती गप्पा मारत बसले होते. तराजूवरची नजर न काढता हे म्हणाले, तू जेवून घे, गिऱ्हाईक आहे.

मी घरी येऊन एकटीच जेवले, भाई, आणि तापातही पोटभर जेवले.

तुमची दुवा अशीच पाठीशी असावी.
उम्मेहानी