रायफल घासू नये

मी, या घराचा कर्ता, वय त्रेपन्न. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे आणि हे माझ्याकडून कोणी लिहवून घेतलेलं नाही. उलट "असलं अभद्र लिहू नका" म्हणून सगळे मागे लागले आहेत. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहता शेवटचंही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. तिने त्याचं काय करावं हे तिला कोणी शिकवू नये. मी जन्मभर प्रयत्न केला, जमलं नाही.

२. जुनी हत्यारं तपासायचं माझं भिंग आणि विजेरी सूनबाईला. पॉलिशचं चाक कोणालाच नाही. ते भंगारात द्यावं, तेही मोडून.

३. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा. मागल्या खेपेला मी इस्पितळात असताना याने माझी एक जुनी लष्करी रायफल तारेच्या घासणीने घासली आणि खाटेशी फोटो दाखवायला आला.

"बघ रे, आरसा केलाय! म्हातारीची नवरी झाली."

"दादा, कातडं सोललंस तिचं."

"अरे येड्या, गंज होता तो!"

तो गंज नव्हता. पोलादावर मुद्दाम गंज धरू द्यायचा, तो पाण्यात उकळून काळा करायचा, हलका घासायचा, पुन्हा गंज धरू द्यायचा, असा थरावर थर देऊन कारखान्याने चढवलेला निळसर काळा रंग होता, शिपायांच्या हातांनी कडांना तपकिरी झालेला. तो पुन्हा चढवता येतो, पण मग तो तिचा नसतो. दादाने हे माझ्या प्रेमापोटी केलं, त्यामुळे मनसोक्त शिवीही देता आली नाही. माफ केलेलं नाही, याची नोंद असावी.

४. आता उरलेली दुसरी रायफल. तिचा रंग मूळचा आहे. मला कोणी गुरू नव्हता, पण पुरावा देतो. कारखान्याने पोलादावर ठोकलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला टोचतात. पुन्हा रंगवलेल्या हत्यारात त्या वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत होतात, कारण रंगाआधी घासतात. शिवाय रंगाखाली एकही खड्डा नाही. खड्ड्यात रंग दिसला की समजावं, गंज आधीचा, रंग नंतरचा.

संग्रहालयाला देऊ केली, तर तिथले साहेब म्हणाले, "चकचकीत करून आणा, मग बघू." जुन्या हत्यारांचा व्यापारी तिला झटपट काळं करणाऱ्या द्रावणात बुडवायला टपलाय. नजर आहे ती एकट्या सूनबाईला. व्यापाऱ्याच्या मालाचा फोटो दाखवला, तर पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "बुडवलीय ही, मामंजी. इतका एकसारखा काळा रंग माझ्या नव्या तव्यालासुद्धा नाही."

पण तिच्याकडे शस्त्राचा परवाना नाही. अर्ज केलाय, उत्तर नाही. माझ्यामागे घरात परवाना उरतो तो फक्त दादाकडे. म्हणून रायफल दादाकडे जाईल आणि सूनबाईचा परवाना येईल त्याच दिवशी तिला मिळेल. तोवर ती दादाच्या हाती.

५. दादा, हे कलम तुला. मी तुला कधी हात जोडले नाहीत, आज जोडतो. तेलाचं फडकं फिरव, बास. पण मी तुला ओळखतो. मी गेल्यावर तुला करमणार नाही, माझ्यासाठी काहीतरी करावंसं वाटेल, हात शिवशिवतील. मग घास बाबा. दस्ता घास, नळी घास, बोल्ट घास. फक्त नळीवरचं लाकूड उघडू नकोस. त्याखाली वीतभर जागा आहे, जिथे ना ऊन पोचलं, ना घाम. तिथला रंग कारखान्यातून निघाला तसाच आहे. तो कोणाला दाखवू नकोस, तूही बघू नकोस.

एवढी वीतभर राहू दे रे.

ठिकाण : घरातली मागची खोली
दिनांक : मंगळवार, शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी
सही : (केली)

आमच्या देखत सही झाली. सही करणारा शुद्धीवर होता, रडत होता.
साक्षीदार : १. शेजारचे सुतार २. समोरचे निवृत्त मास्तर