सिन्नरच्या एसटीचे घडी घातलेले तिकीट

मी, चिंतामण वासुदेव गायधनी, वय ६४, वीज मंडळातला निवृत्त रिले टेस्टर, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपणाखाली लिहायचे ते सगळे नोकरीत लिहून झाले.

१. इंदिरानगरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा असून तो माझ्यामागे मुलगी सौ. यशश्री हिला मिळावा. मुलगा गौरांग याने आईच्या आजारपणात दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते विचारले. त्याचे उत्तर त्याला इथे मिळेल. माझी दिवंगत पत्नी मालिनी हिचा भिंतीवरचा फोटो त्याला न्यायचा असेल तर यशश्रीने अडवू नये.

२. टेस्टिंगची पेटी आणि स्टॉपवॉच सिन्नरच्या वीज उपकेंद्रातला ऑपरेटर गोरक्ष याला मी आधीच हातात दिले आहे; ते कोणी परत मागू नये. रिले किती सेकंदांत चालतो ते मी याच घड्याळावर मोजत असे. अख्ख्या नोकरीत मला न विचारता माझ्या पेटीला हात न लावलेला तो एकटाच माणूस.

३. निवृत्तीच्या दिवशी आमचे साहेब ललित खरवंडीकर यांनी दिलेली 'निष्कलंक सेवा' असे कोरलेली पितळी पाटी त्यांच्या घरी परत पाठवावी. पुसून देऊ नये, आहे तशी काळी पडलेली द्यावी.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. तार तुटून जमिनीला लागली की रिलेमधली चकती फिरते आणि त्या मार्गाचा, म्हणजे फीडरचा, प्रवाह बंद होतो. याला आम्ही 'फीडर पडला' म्हणायचो. सेटिंग करणाऱ्याचे काम एवढेच, की फीडर उगाच पडू नये आणि पडायचा तेव्हा पडल्याशिवाय राहू नये. सव्वीस वर्षे मी ते चोख केले. एक दिवस सोडून.

१९९७ ची खंडेनवमी. सकाळी मी सिन्नर उपकेंद्रातल्या एका फीडरच्या रिलेला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. त्या फीडरवर कारखानेही होते आणि आसपासचे मळेही. अकरापर्यंत तो तीनदा पडला. लाइन पायी फिरून बघायला हवी होती. पण एका कारखान्यात नव्या यंत्राची पूजा होती, पाहुणे आले होते. साहेब फोनवर म्हणाले, "गायधनी, आज फीडर पडता कामा नये. कसं ते तुम्ही बघा." मी नाही म्हणू शकलो असतो. बढतीची यादी त्यांच्या टेबलावर होती. खिशात सकाळचे एसटीचे तिकीट होते. त्याची घडी घालून मी चकतीत खोचली. चकती अडली.

फीडर पडला नाही. दुपारी मळ्यात दसऱ्याचा झेंडू तोडताना गोजराबाई पडली. तुटलेली तार ओल्या वाफ्यात जिवंतच होती.

चौकशीच्या आधी मी तिकीट काढून घेतले. मग टेस्ट घेतली आणि 'रिले सुस्थितीत' असे लिहून सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ठपका आला तो मयतावर: निष्काळजीपणे तारेला हात लावला. तिचा नवरा चिमाजी याच्या खांद्यावर मी हात ठेवला होता. तेवढ्यावर तो माणूस दर दसऱ्याला माझ्या दारी झेंडूची टोपली पाठवत आला. मालिनी तोरण करायची आणि मी मागच्या दाराने ये-जा करायचो. खरवंडीकरांवर माझा राग आहे, पण घडी माझ्या बोटांनी घातली. हे मी अकरा वर्षे कोणालाही सांगितले नाही, कारण मी भेकड आहे.

५. पहिला साक्षीदार गोरक्ष. दुसरा चिमाजी असावा आणि हा कागद मी स्वतः त्याला वाचून दाखवावा, तोवर मी यावर सही करणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील सांगतात. बरेच आहे. त्याला देता येईल असे माझ्याकडे काही नाही.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर: दि. २८ सप्टेंबर रोजी चिमाजीच्या मळ्यात जाऊन वरील कलमे वाचली. शेवटी तो म्हणाला, "अकरा वर्सं मी तिलाच बोल लावला, सायेब. तिच्या फोटूसमोर उभा राहून लावला. डोळं फुटलं व्हतं का तुझं, म्हणायचो." सहीसाठी मी पेन पुढे केले. तो म्हणाला, "सही नाय करायची मला. ते तिकीट तेवढं द्या." अकरा वर्षे पाकिटात जपलेले ते मी दिले. ते त्याने फोटोच्या चौकटीत खोचले आणि मला पाणीही न विचारता वाफ्याकडे गेला. ते बरोबरच होते.

काल दसरा झाला. टोपली आली नाही. दार मोकळेच होते. मी पुढच्या दाराने बाहेर पडून सही करायला आलो आहे.

ठिकाण: नाशिक. दिनांक: १० ऑक्टोबर २००८
मृत्युपत्र करणार: चिंतामण वासुदेव गायधनी (सही)

साक्षीदार:
१. गोरक्ष, ऑपरेटर, सिन्नर (सही)
२. महेश, वकिलांचे कारकून (सही). चिमाजी यांच्या ऐवजी.