डॉक्टर गंजच्या तोंडावरचा कागद

२ मार्च, शनिवार
माळ्यावरून पेटी काढली. ‘महाचुंबक’ या चित्रकथेचे चौदाच्या चौदा अंक शाबूत. तेहेतीस वर्षांत एक पान दुमडलेलं नाही. याला म्हणतात जपणूक. (ही म्हणाली, तेहेतीस वर्षांत पेटी उघडलीच नाहीस तर पान दुमडणार कोण? दुर्लक्ष केलं.)

संकल्प: मुलांना संपूर्ण महाचुंबक वाचून दाखवायचा. थोरली सहा वर्षांची, धाकटा चार. मी पाच वर्षांचा असताना हे सगळं एकट्याने, स्वतःच्या डोळ्यांनी आणि अजिबात न घाबरता वाचलं होतं. आज मी जो काही आहे तो त्यामुळेच. गाद्यांच्या कारखान्यात रोज साठ गाद्यांवर आडवं व्हायचं आणि पास की नापास ते जागच्या जागी सांगायचं, याला छाती लागते.

वेळ रोज संध्याकाळी साडेसहा. आठवड्याला दोन अंक. सात आठवड्यांत मुलं निर्भय. नियम लिहून कपाटाला चिकटवले. १: हात धुणे. २: धुतलेले हात पुसणे. ३: पान फक्त बाबा उलटणार. ४: मध्येच प्रश्न नाहीत.

३ मार्च, रविवार, सायं. ७.१०
पहिला अंक झाला. म्हणजे चार पानं झाली.

गोष्ट सरळ आहे. महाचुंबकाच्या छातीत चुंबक. पूल, बस, आगगाडी, काय वाटेल ते उचलतो. शत्रू डॉक्टर गंज. तो हात लावेल ते लोखंड गंजतं. थोरलीने पहिल्याच चित्राला विचारलं की घरातले सगळे चमचे अंगाला चिकटत असतील तर हा जेवतो कसा? नियम चारकडे बोट दाखवलं. म्हणाली, मला एवढं वाचता येत नाही. काल तिनेच शाम्पूच्या बाटलीवरच्या सूचना आम्हाला वाचून दाखवल्या होत्या.

धाकट्याने विचारलं, डॉक्टर गंजला आई आहे का? नाही म्हणालो. भोकाड पसरलं. एकूण सुरुवात उत्तम.

६ मार्च, बुधवार
धाकटा स्वतःच डॉक्टर गंज झालाय. नारिंगी खडू घेऊन घरभर फिरतो. नळ, दाराची कडी, माझी सायकल, सगळ्याला हात लावतो आणि गंजलं म्हणून जाहीर करतो. त्याला समजावलं की आपण महाचुंबकाच्या बाजूचे. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बाबा गंजला. ही स्वयंपाकघरात हसली. कारण नसताना.

थोरलीसुद्धा फितूर. तिचं म्हणणं, शाळेची बस अशी एका हातावर उचलली तर आतल्या मुलांना ओकारी येईल, त्यापेक्षा गंज बरा. पालथ्या घड्यावर पाणी.

दोष मुलांचा नाही. बैठकीचा आहे. कारखान्यातून फोमचा एक नापास तुकडा आणणार. बसायला मऊ असलं की मन एकाग्र होतं. हे माझं व्यावसायिक मत.

९ मार्च, शनिवार
फोम आणला. त्याखाली डॉक्टर गंजची गुहा झाली. मी स्टुलावर बसून वाचतो. पाठ धरली आहे.

अंक तिसरा, पान एकोणीस. इथे डॉक्टर गंज पहिल्यांदा मुखवटा काढतो. त्याच्या चेहऱ्यावर पांढऱ्या कागदाचा चौकोन चिकटवलेला आहे, टपालाच्या तिकिटाएवढा. थोरलीने विचारलं, हे काय? मी शांतपणे सांगितलं की ही खास आवृत्ती आहे, प्रकाशकच असे कागद लावून पाठवायचा. लहानपणापासून माझं हेच मत आहे. त्याखालचा चेहरा मीही कधी पाहिलेला नाही. गरज वाटली नाही.

तिने कागदाच्या कोपऱ्याला नख लावलं. मी अंक मिटला. फार जोरात मिटला असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

१० मार्च, रविवार
थोरलीने सकाळी चौदाही अंक तपासले. (हात धुवून. हे मान्य केलं पाहिजे.) एकूण नऊ कागद, नऊही डॉक्टर गंजच्या तोंडावर. शिवाय ते गणिताच्या चौकटीच्या वहीचे आहेत. एकावर पेन्सिलने ८ × ७ केलेलं आहे.

मी सांगितलं, त्या काळी कागदाची टंचाई होती. ही म्हणाली, म्हणून प्रकाशक पाढेपण करायचा का?

१३ मार्च, बुधवार
साडेसहाला कोणी आलं नाही. चार पानं मोठ्याने एकट्यानेच वाचली. खाली गुहेत खुसपुस चालू होती. मग थोरलीने डोकं बाहेर काढून अट घातली: चेहरा दाखवल्याशिवाय ऐकणार नाही.

दाखवायला माझी काही हरकत नाही. वाफेवर धरलं की कागद सुटतो. आजच करणार होतो, पण जरा घसा दुखत होता.

धाकट्याने विचारलं, बाबा, तू त्याला घाबरतोस? मी हसलो. बराच वेळ हसलो. पण खोटं कशाला लिहू, फार लागलं ते. इतका खटाटोप कशासाठी केला? पोरांना बाप शूर वाटावा एवढ्यासाठीच ना? आणि पोरगं असं विचारतं.

ठरलं. रविवारी सकाळी दहा वाजता, सर्वांसमक्ष, मी स्वतः कागद काढणार. किटली घासून ठेवली.

१५ मार्च, शुक्रवार
सराव म्हणून एकटाच बसून तिसरा अंक काढला. अठराव्या पानापर्यंत बिनधास्त गेलो. एकोणीस उघडणार तेवढ्यात फोन आला. म्हणजे आला नाही, पण येईल असं वाटलं.

१७ मार्च, रविवार, सकाळी ९.४०
सगळी तयारी झाली आणि दारात ताई हजर. न बोलावता. (म्हणजे बोलावून. थोरलीने हिच्या फोनवरून परस्पर आत्याला फोन केला होता.) ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लोकांना गाडी चालवायला शिकवते. स्टिअरिंगला चिकटून बसलेल्या माणसांशी बोलायचा तिचा एक खास आवाज आहे. त्याच आवाजात तिने माझी चौकशी केली.

दुपारी १.१५
नोंद ठेवणं भाग आहे.

ताईने पेटी बघितली आणि म्हणाली, अगंबाई, माझे अंक तुझ्याकडे आहेत होय! माझे, म्हणजे तिचे. मग ती फोमवर मांडी ठोकून बसली आणि पोरांना सगळं सांगून मोकळी झाली. तिसरा अंक बघून मी तीन दिवस पलंगाखालून बाहेर आलो नाही. जेवणसुद्धा तिथेच. म्हणून तिने वहीचे चौकोन कापले आणि खळीने चिकटवले. पुढे नवा अंक आला की आधी ती बघायची, लागेल तिथे कागद लावायची, मग मला वाचून दाखवायची. वाचून! मला तेव्हा वाचता येत नव्हतं म्हणे. ८ × ७ पण तिचंच.

मी म्हणालो, तपशिलात मतभेद आहेत. कोणी ऐकलं नाही. कान इतके गरम झाले की किटलीची गरज नव्हती. फक्त धाकट्याने विचारलं, पलंगाखाली जेवायला देतात? त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला.

मग वाफ. ऐन वेळी मला गॅस बंद आहे का ते बघायला जावं लागलं. (बंदच होता. उकळती किटली तर बाहेर नेली होती.) बाहेर पहिला कागद सुटला. मग थोरलीचा आवाज, एवढंच? टक्कल, जाड चष्मा, लाल नाक. धाकटा म्हणाला, त्याला सर्दी झालीय. एकामागून एक नऊही कागद निघाले. मला हाका मारल्या. मी म्हणालो, सावकाश बघतो, उजेड चांगला असताना. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

ताईने दोन तास अंक वाचून दाखवले. पोरांचे हात चिकट, प्रश्न शंभर, पानं वाटेल त्याने उलटावीत. तरी कोणी जागचं हललं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकलं. महाचुंबकाचा आवाज ती अजून तसाच काढते, नाक दाबून. ऐकून फार बरं वाटलं.

जाताना म्हणाली, अंक राहू देत तुझ्याकडे. मी तिला रिक्षापर्यंत सोडून आलो. तेहेतीस वर्षांचे आभार मानायचे राहिले.

१८ मार्च, सोमवार, सायं. ७.३०
संकल्प: आज पान एकोणीस उघडणार. पोरांच्या देखत.

साडेसहाला दोघं स्वतःहून आली. हात धुतलेले, पुसलेले. मी तिसरा अंक घेतला आणि वाचत वाचत एकोणिसावं पान उघडलं. खरंच उघडलं. डॉक्टर गंजच्या तोंडावर कागद. नवा कोरा, चौकटीच्या वहीचा, डिंक अजून ओला. वर थोरलीच्या अक्षरात ‘बाबासाठी’.

मी म्हणालो, याची काही गरज नव्हती. ती म्हणाली, माहितीये. धाकटा मांडीवर चढला आणि खबरदारी म्हणून दोन्ही हात माझ्या डोळ्यांवर दाबून धरले. हाताला खडूचा वास होता. थोरलीने पान उलटलं. गेला बाबा तो, म्हणाली, आणि पुढचं तीच वाचू लागली. अडखळत, पण खणखणीत. मी ऐकलं.

मुलं झोपायला गेल्यावर चौदाही अंक काढून तपासले. नऊच्या नऊ ठिकाणी नवे कागद लागले आहेत. कडेने नख लावून पाहिलं. घट्ट आहेत. पास.