ओळखीचा वास

२ मार्च
पोचले एकदाची! ताई दारातच उभी होती. ताई म्हणजे माझी जुळी बहीण. माझ्याआधी काही मिनिटं जन्मली आणि तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर ताईगिरी करत आली. नोकरी गेल्यापासून मी घरात बसून भिंतींशी बोलत होते, तर हिनं फोनवर फर्मावलं की बॅग भर आणि ये, माझ्या प्रयोगशाळेत जागा आहे. मागच्या वर्षी तिच्या एका मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली, ते काढून टाकलं, आणि मला कळवलं कधी, तर सगळं उरकल्यावर! त्यावरून कडाक्याचं भांडायचं असं ठरवूनच आले होते. पण तिनं माझी खोली इतकी छान लावून ठेवलीय, धुतलेली चादर, मऊ उशी, खिडकीत रोपटं, की भांडण राहूनच गेलं. संध्याकाळी मला नेऊन डाव्या कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून घेतलं आणि इवलासा खडा बसवला. लहानपणी यासाठी मी किती भोकाड पसरलं होतं, ते तिच्या लक्षात आहे. उशीला डोकं टेकलं आणि वाटलं, घरी आले बाई.

५ मार्च
माझं काम ठरलं: उंदीर माणसाळवणे. हसू नये. पगार मिळतो. पिंजरे सांभाळणारे काका शिकवतात. पहिल्या दिवशी मला ताई समजून ताडकन उठून उभे राहिले आणि मग स्वतःच ओशाळले.
पद्धत अशी. जो माणूस पुढे सुई टोचणार, त्याच्या वापरातल्या जुन्या कपड्याची चिंधी आधीपासून पिंजऱ्यात ठेवायची. उंदीर तिच्यात शिरून झोपतात आणि तो वास त्यांना घरचा वाटू लागतो. मग सुईच्या दिवशी शेपटी धरून ओढावं लागत नाही. त्या माणसानं नळी पुढे केली की आपण होऊन आत येतात. घाबरलेल्या उंदराच्या रक्तावर भरवसा ठेवता येत नाही, असं ताई म्हणते. कुठल्या बाजूला टोचलं हे कळावं म्हणून त्याच बाजूच्या कानाला भोक पाडतात. मी काकांना माझा कान दाखवून म्हटलं, बघा, मीही यांच्यातलीच. काका हसले नाहीत. विनोदाचं वावडं दिसतंय.

९ मार्च
आज चहा पिताना ताईनं सगळं समजावलं. हे उंदीर एकाच कुळातले, जुळी भावंडं म्हणावीत इतके सारखे. म्हणून एकाच्या मूत्रपिंडातल्या गाठीच्या पेशी दुसऱ्याला टोचल्या तरी त्याचं शरीर त्यांना परकं समजून हाकलत नाही. आणि गाठ तर महाबिलंदर! ती नुसती लपून बसत नाही. हाडांतल्या मज्जेला सांगावा धाडून तिथल्या कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या पेशी बोलावून घेते आणि त्यांनाच फितवते. त्या पेशी शरीराच्याच, मग त्यांच्यावर संशय कोण घेणार? आणि या फितूर पेशी लढणाऱ्या पेशींची शिदोरी खाऊन टाकतात. शेजारी शत्रू वाढतोय आणि सैनिक पेंगतायत.
मी म्हटलं, म्हणजे अस्तनीतले निखारेच की. ताई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, निखारे कसले गं, बिचाऱ्यांना वाटतं आपण घरचंच काम करतोय.
उद्या मला लस आहे, उंदरांकडून येणाऱ्या तापावरची. कमरेत देतात म्हणे, म्हणून झोपेचं औषध देऊन. मी सुईला घाबरते हे ताईइतकं कोणाला माहीत!

२८ मार्च
डाव्या कमरेला सूज आहे. ताई म्हणते लसीची. दर आठवड्याला रक्त घेते, डब्यात गरम खायला देते, मी आपली लाड करून घेते. अंगात त्राण नाही.
आठवडाभर ताईच्या हाताला जखम आहे, म्हणून एका पिंजऱ्यात माझी चिंधी ठेवली होती आणि आज नळी मी धरली. ते पिल्लू तुरुतुरु माझ्याकडे आलं. मी त्याला टेबलावर काकांच्या हाती दिलं. सुई जाईपर्यंत ते माझ्याकडेच बघत होतं. घरी येऊन मी रडले.

१२ एप्रिल
सूज आता हाताला लागते. टणक. काकांना सहज विचारलं, तुमची लस किती दिवस दुखली? म्हणाले, दंडात घेतली होती, दुसऱ्या दिवशी विसरलोही. मग माझ्या कानाकडे बघितलं आणि घाईघाईनं पिंजरे धुवायला गेले.

१३ एप्रिल
उशी धुवायला काढली. कापसात एक निळी चिंधी. ताईच्या जुन्या गाऊनची. नीट टाके घालून बसवलेली.
डावा कान. डावी कमर. जुळी.
नाही, ताई असं करणार नाही. माझी ताई—

१४ एप्रिल
काकांचे पाय धरले. सगळं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, म्हणाले, पोरी, इथंच बस, मी गाडी आणतो.
गाडी आली. गाडीतून ताई उतरली.

१५ एप्रिल
तिनं नाकारलं नाही. गाठ तिच्या उरलेल्या मूत्रपिंडात आलीय. तिथल्याच पेशी माझ्यात टोचल्या. म्हणाली, उंदीर शेवटी उंदीर, तुझं अंग म्हणजे माझंच अंग. औषध आधी तुझ्यावर बघते, मग दोघी बऱ्या होऊ.
विचारलं, आणि लागू नाही पडलं तर?
केसांतून हात फिरवत राहिली.
मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं गं, ताई. विचारायचं तरी होतंस.

१७ एप्रिल
दाराला कुलूप नाही. कधीच नव्हतं. बॅग भरली आहे. मी बसून आहे. राग आणायचा प्रयत्न करते, येतो, आणि मध्येच सुस्तावतो. ही गाठ आणखी काय काय झोपवते?
सकाळी उशी खिडकीतून फेकली. दुपारी खाली जाऊन मीच उचलून आणली.

१८ एप्रिल
ताईची पावलं. सुईचा ट्रे.
दार सताड उघडं. ती बाजूला उभी. पळता येईल, आत्ता, या क्षणी—
निळा गाऊन घातलाय.
हात पुढे केला. ओढत नाही. नुसता पुढे.
पाय उचलतायत. दाराकडे नाही. ओरड, अगं ओरड—
किती ओळखीचा वास—
तिनं ओढलं नाही. माझी मीच