आईच्या अक्षरातली फ्रेम

डोंबिवली (पूर्व)
८ जून २०२५, रविवार

प्रिय कादंबरीताई,

तू बरी असशील असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. केदारची पाठ अधूनमधून धरते, पण बायकोचं ऐकेल तर तो केदार कसला. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर निळी टिक येते आणि पुढे काही नाही, म्हणून शेवटी कागद घेतला.

आधी धंद्याचं सांगते. माझं ‘मनातलं’ बरं चाललंय. सुरुवातीला मी नावाचे मग आणि वाढदिवसाच्या उशा करत बसलेले. अगं, ते गल्लोगल्ली मिळतं. खरं गिऱ्हाईक वेगळंच. तोंडाने बोलता येत नाही अशी माणसं येतात. परवा कल्याणचे एक रिटायर्ड गृहस्थ आले. बत्तीस वर्षं डबा दिला म्हणून बायकोला थँक्यू म्हणायचं होतं. अर्धा तास घाम पुसत बसले आणि म्हणाले, तुम्हीच काहीतरी लिहा. मी नाही लिहिलं. त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तसंच्या तसं फ्रेम केलं. लोकांना ते अक्षरच हवं असतं, ताई. हे मला कुठून कळलं ते तुला माहितीये.

तर तेच. किती वेळ टाळणार.

आई गेल्यावर माळा आवरताना तुझ्या ड्रॉइंगच्या वहीत ती चिठ्ठी सापडली. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला तू नापास झालेलीस, तेव्हा तिने होस्टेलवर पाठवलेली. ‘निकाल कळला. घरी ये. आमटी तुला आवडते तशी केलीय. कोणी काही विचारणार नाही.’ मी कॉम्प्युटरवर तुझं नाव पुसलं आणि ठाण्याच्या प्रदर्शनात नमुना म्हणून लावली. वाटलं, नावच नाही तर कोणाला काय कळणार. अक्कल गहाण ठेवलेली. सगळ्यात जास्त तीच खपली. आणि तू माजिवड्याला मैत्रिणीकडे पूजेला गेलीस तर तिच्या हॉलमध्ये आईचं अक्षर टांगलेलं. तुझं काय झालं असेल, हे गेले आठ महिने माझ्या डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात ठाण्याच्या एका क्लासने निकालाच्या दिवशी मुलांना वाटायला त्याच सहाशे फ्रेम मागितल्या. मी नाही म्हटलं. केदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ती फ्रेम आता कायमची बंद केलीय. मूळ चिठ्ठी सोबत पाठवतेय, ती तुझी आहे.

चूक झाली म्हणून सुटता आलं असतं, पण खरं सांगते. चिठ्ठी सापडली तेव्हा मला राग आला. मी कायम पास झाले, कायम घरात, आईच्या डोळ्यांसमोर. शेवटची चार वर्षं तिचं सगळं मी केलं. मला तिने कधी एक ओळ लिहिली नाही. म्हणून तुझी घेतली.

तुझ्याशी फोनवर बोलायची तेव्हा माझ्याबद्दल काही म्हणायची का गं? म्हणाली असेल तर लिहून पाठव. नसेल, तर तिच्या नावावर खोटं नको, तुला वाटेल ते लिही. शिव्या चालतील.

फ्रेम करणार नाही.

तुझीच,
ऋजू