बैलांची नावं एका श्वासात

३ नोव्हेंबर, सोमवार

बाच्या पायातून चप्पल निसटली आणि त्याला कळलंच नाही! शेतातून घरापर्यंत एकाच चपलेवर आला. याडीला, म्हणजे आईला, नवऱ्याची फजिती झाली की भारी हसू येतं. मीही हसले. "पायाला मुंग्या येऊन राहिल्या," म्हणाला. दोन्ही पायांना. दिवाळीत जुलाबांनी पार पिळून काढलं होतं, अशक्तपणा असेल. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे तांड्यावरची निम्मी डॉक्टरच! साखर-मिठाचं पाणी पाज म्हणाले आणि झोपले.

५ नोव्हेंबर

आज त्याला उठताच येईना. मोहनसिंग काका आले आणि उभ्या उभ्या निकाल दिला — "लकवा हाय. कळमनुरीच्या मालिशवाल्याकडं न्या."

पण लकवा एका बाजूला होतो ना? इथं दोन्ही पाय गेले, खालून वर चाललंय. तोंड वाकडं नाही, बोलणं बराबर. मला काहीच जुळेना. नांदेडलाच न्यायचं म्हणून हटून बसले. काका म्हणाले, "पोरगी एक वर्ष बी पुरं शिकली न्हाई अन् लागली शहाणपण शिकवाया." याडी कपड्यांची पिशवी भरून जीपमध्ये जाऊन बसली.

७ नोव्हेंबर, नांदेड

रोगाचं नाव कळलं — जीबीएस. डॉक्टर मॅडमनी मला समजावून सांगितलं. मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू म्हणजे मुख्य कारभार. तिथून नसा हातापायांत जातात. त्यांच्यावर वेष्टण असतं, ते गुंडाळायला वेगळ्या मदतनीस पेशी असतात. बाचं ते वेष्टणच खराब झालंय.

म्हणजे मेंदू शाबूत, मज्जारज्जू शाबूत, नस जागेवर. मग माझा बा उभा का राहत नाही? म्हणे, वेष्टण गेलं की निरोप वाटेतच अडकतो. आणि खराब कुणी केलं? त्याच्याच शरीरानं! जुलाबाच्या जंतूंशी लढता लढता चुकून आपल्याच नसांवर तुटून पडलं. हा कसला कारभार?

पुस्तक उघडलं. नसांना आधार देणाऱ्या पेशी. कॉलेजात सांगितलं होतं, दोन मार्कांना येतं, वरवर बघा. दोन मार्क! श्वान पेशी म्हणे. कुत्र्याशी काही संबंध नाही, शोधणाऱ्याचं आडनाव. मेंदूत वेष्टण घालणाऱ्या वेगळ्या आणि बाहेरच्या नसांना या. मेंदूतलं नुकसान सहजी भरून येत नाही, पण या बाहेरच्या पुन्हा गुंडाळू शकतात. ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. किती दिवसांत, ते काही लिहिलेलं नाही.

८ नोव्हेंबर

सलाईनसारखं औषध कालच सुरू झालंय. तरी आज हातही गेले.

आता भीती श्वासाची. छातीचे स्नायूही नसांवरच चालतात. मॅडम म्हणाल्या, "बाबा, एका श्वासात आकडे म्हणा." बा म्हणाला, "शाळेत गेलो न्हाई. बैलाची नावं घेऊ का?" मॅडम हसल्या, चालेल म्हणाल्या. लहानपणापासून दावणीला होते तेवढे सगळे — सर्ज्या, मोऱ्या, हरण्या, चित्र्या, लाल्या, कैऱ्या, बांड्या. एका दमात! मॅडमनी मला बजावलं, एका श्वासात सगळी नावं होईनाशी झाली तर लगेच सांगायचं, श्वासाची मशीन लावावी लागेल.

९ नोव्हेंबर

सगळी नावं घेतली. पण मध्येच, हरण्यापाशी, खोकला.

१० नोव्हेंबर

पुन्हा हरण्यापाशीच खोकला. मी त्याच्या खांद्याकडं बघत होते, तो वर उचलला गेला. तो खोकला नव्हता. खोकल्याच्या आडून बा श्वास चोरत होता! मॅडमनी सातही नावं मोजली आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. बानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं, मला कळलंय.

"सांगू नको. मशीनवर गेलेला माणूस वापस आलेला पाह्यला का कधी?"

मी पाहिलेला नाही, हे खरं. पण मी पाहिलंय तरी काय अजून? सांगितलं आणि तो मशीनवरच गेला तर? नाही सांगितलं आणि रात्रीत श्वास थांबला तर?  वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन मागं आले. पुन्हा गेले.

सांगितलं.

संध्याकाळी नळी घातली. आता बोलता येत नाही.

११ नोव्हेंबर

बा शुद्धीत आहे. मी खाटेजवळ गेले की डोळे मिटून घेतो.

१६ नोव्हेंबर

याडीकडं बघतो. सिस्टरकडं बघतो. माझ्याकडं नाही.

याडी त्याचे पाय चोळत बसते. "त्या गुंडाळणाऱ्या, त्या लागल्या का कामाला?" मी म्हणते, लागल्या असतील. मला काय दिसतंय! मग म्हणाली, "तू सांगितलं ते बराबर केलं का चूक, मला कळून न्हाई राहिलं, शितल." मलाही नाही. जिन्यात जाऊन रडले. चांगलीच रडले.

२० नोव्हेंबर

मॅडम म्हणतात, श्वासाचा जोर वाढतोय. मला ते डोळे मिटलेलेच दिसतात.

२३ नोव्हेंबर

नळी काढली. स्वतःच श्वास घेतोय! आवाज मात्र फुटत नाही. की माझ्याशी बोलायचंच नाही?

२४ नोव्हेंबर

सकाळी मॅडम म्हणाल्या, "चला बाबा, बैल." घोगऱ्या आवाजात, हळूहळू — सर्ज्या, मोऱ्या, हरण्या. खोकला नाही. चित्र्या, लाल्या, कैऱ्या, बांड्या. शाब्बास, म्हणाल्या मॅडम. बा थांबला नाही. त्याच श्वासात, सरळ माझ्याकडं बघून — "अन् चुगलखोर शितल."